बुडी शिकायची कुठं?

सोलापूर
३ मे २०२६

ती. पायलताईस,

आरोहीचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुम्ही दोघंही तिकडे ठीक असाल असं आपलं धरून चालते, कारण विचारायला तू दुसरी वाटच ठेवली नाहीस.

घाबरू नकोस. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. हा मेल तुमच्या डायव्हिंग शाळेच्या चौकशीच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण तुझा एवढा एकच पत्ता मला सापडला. नंबर बदललास तो आम्हाला कुणाला दिला नाहीस, मलासुद्धा. तुमच्या वेबसाइटवर लिहिलंय की शिकायला येण्याआधी मनात काहीही शंका असली तरी बिनधास्त विचारा. मग मी बिनधास्त विचारतेय. गिऱ्हाईक म्हणून लिहितेय बरं का, म्हणजे तुला उत्तर द्यावंच लागेल. आणि मराठीत लिहितेय, म्हणजे तुझ्याशिवाय आणि दाजींशिवाय तिथं कुणाला एक अक्षर कळणार नाही.

तर चौकशी अशी. मला स्कुबा शिकायचंय. हसू नकोस! गावाकडं केमच्या विहिरीत पाठीला डबा बांधून तरंगणारी, पायऱ्यांच्या आसपास घुटमळणारी, डोकं पाण्यात घातलं की बोंबलणारी आरोही आता समुद्राच्या तळाशी जायचं म्हणतेय. टॉवेलच्या कारखान्यात एक्स्पोर्टच्या ऑफिसात बसून बसून माझा नुसता गोळा झालाय. बाहेर पाहिलं तर मे महिन्याचं ऊन, आत पाहिलं तर परदेशातल्या हॉटेलवाल्यांचे मेल, की टॉवेलचा निळा रंग समुद्रासारखा हवा. समुद्रासारखा म्हणजे कसा, ते सोलापुरात कुणाला विचारायचं?

आमच्या ऑफिसातली शिवानी मागच्या हिवाळ्यात मालवणला जाऊन आली. ती म्हणते, कशाला बाहेर जातेस, आपलं मालवण काय वाईट आहे? पण तिनं केलं ते शिकणं नव्हे. एकानं मागून धरलं, खाली नेलं, चार मासे दाखवले, फोटो काढला आणि वर आणलं. मला एकटीनं खाली जाता यायला पाहिजे. तसा शिकवणीचा पूर्ण कोर्स तारकर्लीला होतो म्हणे, पण पावसाळा तोंडावर आलाय, आता ते सगळं बंद होणार. अंदमानातही तीच तऱ्हा. तुमच्याकडे मात्र याच दिवसांत समुद्र शांत असतो असं वाचलं. म्हणून विचारते, इथं थांबून दिवाळीच्या सुमाराला शिकावं, की आत्ता तिकडं यावं?

अण्णांना मी नुसतं स्कुबा म्हटलं, तर म्हणतात, "बुडी शिकायला परदेश कशाला लागतोय? केमची विहीर काय आटली व्हय?" मी म्हटलं, विहिरीत मासे नाहीत. म्हणतात, "बेडूक हायत की." उठून जाताना दारात म्हणाले, "एक गेली पाण्यापायी. आता तुझं पण तेच." कुठली एक, ते नाव घेतलं नाही. तुझं, पोटच्या लेकीचं, नाव ते घेत नाहीत, हे तुला ठाऊकच आहे.

आई शेजारी बसून कैऱ्या चिरतेय. विचारतेय कुणाला एवढं लिहितेस. मी सांगितलं, ऑफिसचं काम आहे.

आणखी थोड्या शंका, गिऱ्हाईक म्हणून. तिथं शिकवणाऱ्या बाई दिवसातला किती वेळ पाण्यात असतात? खाऱ्या पाण्यानं त्यांचे केस खराब होतात का? थंडी वाजते का? जेवायला काय मिळतं, भाकरी कधी मिळते का? त्यांच्या अंगावर कपडे ओले राहतात का दिवसभर? रात्री झोप लागते का त्यांना?

उत्तर लवकर द्यावं, ही विनंती.

आपली एक होतकरू विद्यार्थिनी,
आरोही


सोलापूर
१८ मे २०२६

ती. ताई,

नमस्कार. तुझं उत्तर आलं. "आपल्या चौकशीबद्दल आभारी आहोत" असं सुरुवातीला वाचून तुझा एवढा राग आला की मी लॅपटॉप मिटून गच्चीवर जाऊन बसले. बहीण आहे का बँक? पण पुढचं वाचलं. तू लिहिलंस, की पहिल्यांदा पाण्याखाली गेल्यावर माणूस घाबरतं, आणि घाबरल्यावर ज्या भाषेत आई गं म्हणतं त्या भाषेत कुणी धीर दिला तर बरं पडतं, म्हणून पहिली शिकवणी आपल्या माणसांत झालेली चांगली. पाणी तिकडचं स्वच्छ, तळ लांबून दिसतो, पण तळ दिसला म्हणजे भीती जाते असं नाही. आणि सगळ्यात खाली, सही करून झाल्यावर, एकच ओळ. "केसांना खोबरेल लावते, भाकरी मी स्वतः करते, ज्वारी मिळत नाही म्हणून मक्याची."

त्या ओळीवर आईनं बोट ठेवलं ते काढायलाच तयार नाही.

हो, आईनं. मागच्या मेलमध्ये मी तुला फसवलं. आई मला विचारत नव्हती कुणाला लिहितेस म्हणून. तीच शेजारी बसून सांगत होती, केसांचं विचार, थंडीचं विचार. तुमच्या शाळेचा एक व्हिडिओ कधीतरी माझ्या फोनवर आला, त्यात तू कुणाला तरी नळकांडं पाठीला बांधून देत होतीस. तेव्हापासून भांडी झाली की आई माझा फोन मागते. आवाज बंद करून बघते. एकदा म्हणाली, "हिचं हाड बघ गं कसं वर आलंय गळ्याचं."

अण्णांचं सांगायचं राहिलं. मागच्या रविवारी मला केमला घेऊन गेले. कॅनॉलच्या पाझरानं आपल्या विहिरीला अजून बऱ्यापैकी पाणी आहे. या वयात धोतर खोचून पायऱ्या उतरले आणि म्हणाले, "चल, हितं शिकवतो तुला. कशाला कुटं जायाला लागतंय बघू." आणि खरंच शिकवायला लागले! मी आपली नाक धरून गटांगळ्या खातेय, वर येऊन खोकतेय, काठावरची कुत्री भुंकतायत. ते वैतागले. आणि वैतागाच्या भरात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आगं पायलसारखी उलटी हो की! पाय वर, डोकं खाली. ती कशी मारायची बुडी!"

ताई, तुझं नाव. विहिरीत घुमलं ते. अण्णा पाण्यात, मी पाण्यात. मग म्हणाले, "बास आता, ऊन झालं." येताना रेल्वेत खिडकीकडं तोंड करून बसले ते सोलापूर येईपर्यंत.

आता मुद्द्याचं. कालपासून अधिक महिना लागला. तुझ्या लग्नानंतर मागे एकदा येऊन गेला, तेव्हा आई तांदूळ भिजत घालायची आणि पुन्हा उपसून वाळत टाकायची, अनारसे काही करायची नाही. शेजारीपाजारी सगळीकडे जावई येत होते, धोंड्याची जेवणं उठत होती आणि आपल्या घरात एक जावई असून ताट नाही. या वेळी तिनं ठरवलंय. अनारसे करायचे, पुरणाचे धोंडे करायचे, तांब्याच्या ताटात दिवा ठेवून जावयाला वाण द्यायचं. पहिला घाणा काल घातला, तो तुपात सगळा हसला, भुगाच झाला. आई रडायला आली. म्हणाली, मनात चोरी आहे म्हणून हसले.

चोरी अशी, की अण्णांना यातलं काही ठाऊक नाही. आईचा पासपोर्ट नाही, माझा ऑफिसच्या कामासाठी काढलेला आहे. म्हणून मी तुमच्याकडे स्कुबा शिकायला यायचं, आणि बॅगेत अनारसे, ताट आणि दाजींची टॉवेल-टोपी घेऊन यायचं. महिना संपायच्या आत. धोंडे तिथं पोचेपर्यंत आंबतील, ते आपण तिथंच करू, आई मला शिकवून पाठवणार आहे. आईच्या वतीनं मी दाजींना ओवाळीन. आई म्हणते, जावई म्हणजे या महिन्यात साक्षात नारायण, एवढ्या लांब समुद्रापार असला म्हणून काय झालं.

स्कुबा शिकायची इच्छा खोटी नाही गं. पण खरं सांगायचं तर मला तुला बघायचंय. पाण्याखाली, पाण्यावर, कुठंही. तू शिकवत असशील तर मी बोंबलणार नाही.

दाजींना विचारून लवकर कळव. ये म्हण फक्त.

तुझी,
आरोही


सोलापूर
७ जून २०२६

ताई,

या वेळी नमस्काराच्या आधीच सांगते. आज सकाळी तुझ्या सासूबाईंच्या, पारूमावशींच्या फोनवरून तुला दोन मिस्ड कॉल आले असतील. नंतर तू उलट फोन केला असशील तर मावशींनी "सहज लावला हुता" म्हणून सांगितलं असेल. तो सहज नव्हता. पण क्रमानं सांगते, नाहीतर तुझा विश्वास बसायचा नाही.

तुझं मागचं उत्तर मी आईला वाचून दाखवलं. सगळं वाचणार नव्हते, पण तिनं ओळखलं. दाजींनी म्हटलेलं तू जसंच्या तसं लिहिलंयस, तसंच वाचलं. की त्यांच्या घरात अधिक महिना पाळत नाहीत, त्यांच्या आईवडिलांनी बाबासाहेबांच्या वाटेनं जायचं ठरवल्यापासून ही वाणं, ही व्रतं सगळी बंद आहेत. तेव्हा त्यांना नारायण करू नका, आणि चोरून तर मुळीच करू नका. अनारसे त्यांना आवडतात, कधीही खातील. आणि मग ते पुढचं वाक्य. "आरोही विमानात बसून समुद्र ओलांडून यायला तयार आहे. माझी आई बुधवार पेठेत राहते. तिच्या घरी अजून तुमच्यातलं कुणी पाणी प्यायलेलं नाही."

आईनं ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "आमाला सुचलंच न्हाय गं हे. त्यांच्यात न्हाय, हे ध्यानातच आलं न्हाय." खरंच आलं नव्हतं, ताई. जावयाचा मान करायचा तो आपल्या पद्धतीनं, एवढंच आम्हा दोघींना ठाऊक. त्यांना तो हवा का, हे विचारायचं असतं हेच डोक्यात नाही. मी शिकलेली, इंग्रजीत मेल पाडणारी, माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी आई उठली, चांगलं लुगडं नेसली आणि म्हणाली, चल. मी म्हटलं, संध्याकाळी जाऊ, ऊन उतरल्यावर. तर म्हणते, "उनातच जायचं. समद्यांला दिसू दे." रिक्षानं जायला कितीसा वेळ लागतोय? कारखान्याला जाताना मी रोज त्या चौकातून वळते.

मावशींनी दार उघडलं. आईनं नाव सांगायच्या आधीच म्हणाल्या, "वळखलं मी. पायलचं नाक तुमचंच हाय." आत घेतलं. आईनं नेलेले अनारसे पुढं केले आणि चाचरत म्हणाली, वाण नव्हे, खायला आणलेत. मावशी हसल्या. म्हणाल्या, "आमच्यात ते धोंडा-बिंडा न्हाय, पर अनारशाचं आमचं काय वाकडं न्हाय." आणि लगेच चूल पेटल्यासारखी गडबड. आम्ही नको नको म्हणतोय तर ऐकेचनात. ज्वारीच्या भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी, कांदा. आई जेवली. पोटभर जेवली, ताई. भाकरी मागून घेतली. मी तिच्याकडं बघत होते तर मला म्हणते, तू जेव की, काय बघतीस.

जेवण झाल्यावर मावशी शांतपणे बोलल्या. आवाज चढवला नाही. "बाई, लगीन केलं तवा तुमच्या मालकांनी लेकीला सांगितलं, सोलापुरात तोंड दाखवू नको. ती बया शब्दाची पक्की. ती येईना, आणि तिला सोडून माझं पोरगं येईना. मी म्हणते एकटा ये, तर म्हणतो, आई, तिचं सोलापूर बंद तर माझं पण बंद. तुमच्या मालकानं तुमची लेक तोडली, ते तुमचं तुमी बघा. माझं लेकरू का तोडलं?" हे आम्हाला कुणाला माहीत होतं? आम्ही आपलं दुःख कुरवाळत बसलो होतो, बाजूच्या पेठेत एक आई फोनच्या काचेवर लेकाचं तोंड बघून दिवस काढतेय याची आम्हाला खबर नाही. आईनं त्यांचे दोन्ही हात धरले. दोघी रडल्या. मग मीही. काय लपवायचं त्यात.

घरी आल्यावर आईनं अण्णांना सरळ सांगितलं, "मी विहिणीकडं जिवून आले." अण्णांनी पेपर खाली ठेवला, चप्पल घातली आणि केमला निघून गेले. बरेच दिवस तिकडंच होते. आई म्हणाली, राहू दे, मी काय चूक केली नाही. हे म्हणताना तिचा आवाज कापला नाही. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

काल अचानक आले. हातपाय धुतले, जेवायला बसले आणि मान खाली घालून विचारतात, "इहीण काय म्हणली?" आईनं एकही शब्द न गाळता सांगितलं. त्यांचा घास हातातच. म्हणाले, "मी माझ्या लेकीला म्हणलो हुतो. त्यांच्या पोराला मी कुटं काय म्हणलो?" आई म्हणाली, "मग तेच जाऊन सांगा त्यांला."

आणि आज सकाळी, ताई, अण्णा मला म्हणाले, घर दाखव.

मावशींच्या दारात उभे राहिले, आत पाय टाकेनात. मावशी म्हणाल्या, या की. ते म्हणाले, "तुमच्या पोराला बोलवा. त्याला माझी आडकाठी न्हाय." मावशी म्हणाल्या, "एकल्या पोराला बोलवून काय करू? तुमची पोरगी बोलवा. ती आली की माझा आपोआप येतोय." अण्णा आत जाऊन खुर्चीवर बसले. मावशींनी पाणी दिलं ते प्याले. चहा दिला, तो बशीत ओतून प्याले. आणि बशी खाली ठेवून म्हणाले, "लावा तिला फोन."

मावशींनी लावला. वाजला, वाजला आणि बंद झाला. पुन्हा लावला. अण्णांनी फोन स्वतःच्या हातात घेतला होता, कानाला उलटा धरला होता, मी सरळ करून दिला. तू उचलला नाहीस. मावशी म्हणाल्या, "पाण्यात आसंल. शिकवायला गेली आसंल पोरास्नी." अण्णांनी विचारलं, "पाण्याखाली फोन लागत न्हाय व्हय?" मी म्हटलं, नाही लागत. "लई वेळ आस्ती का खाली?" मी म्हटलं, तिचं कामच आहे ते. मग फोनवर तुझा जो फोटो येतो, तुझा आणि दाजींचा, त्याच्याकडं बघत बसले. काच काळी पडली की बोटानं उजळायचे. उठताना मावशींना म्हणाले, तिनं उलटा फोन केला तर मी आलो हुतो म्हणून सांगू नका. रस्त्यात मला म्हणाले, "एवढी धाप लागत न्हाय का तिला?"

माझं स्कुबाचं म्हणशील तर ठरलं. तिकडं येत नाही. समुद्र तुमचा स्वच्छ असेल, मासे रंगीत असतील, शिकवणारी बाई तर एक नंबर आहे. पण मी आले तर तू तिथंच राहशील, आणि मी परत आल्यावर पुन्हा तुझा व्हिडिओ बघत बसेन. पावसाळा संपला की मालवण उघडतं. तिथं शिकणार. शिकवायला तिथली माणसं आहेत, पण माझ्या शेजारी तू उतरायचंस. गिऱ्हाईक म्हणून नाही सांगत, बहीण म्हणून सांगते. तू नाही आलीस तर मी शिकणार नाही, जन्मभर पायऱ्यांवर बसून राहीन, आणि त्याचं पाप तुझ्या डोक्यावर.

आता शेवटचं, आणि हेच महत्त्वाचं. अण्णा उद्या सकाळी पुन्हा मावशींकडं जाणार आहेत. मला म्हणाले नाहीत, आईलाही नाही, पण त्यांनी इस्त्रीचा सदरा काढून ठेवलाय. फोन लागला तरी ते काही बोलतील असं मला वाटत नाही. घसा खाकरतील, ज्वारी मिळत न्हाय का म्हणून विचारतील, नाहीतर नुसतेच गप्प बसतील. ते गप्प बसले तर तू ठेवू नकोस. तूही गप्प बस, पण ठेवू नकोस. आणि पुन्हा नुसता वाजत राहिला, तर ते तिसऱ्यांदा जातील याची मी काही खात्री देऊ शकत नाही. तुला तुझा बाप ठाऊक आहे.

उद्याची तुझी शिकवणी दुसऱ्या कुणाला तरी दे. पोरं थांबतील, मासेही थांबतील. उद्या पाण्यात उतरू नकोस, ताई. एक दिवस वरच राहा.

तुझी वाट बघणारी,
आरोही